उपासाला धरलेलं जेवण

५ मार्च, बुधवार

विहीणबाईंना नमस्कार.

आज सकाळी दुकानात गेलो. दोन चष्म्यांच्या काचा घासून बसवल्या. एक फ्रेम वाकडी होऊन परत आली होती, ती सरळ केली. मालक दुपारीच गेले. संध्याकाळी कुलूप लावून चर्चमध्ये गेलो आणि कपाळाला राख लावून घेतली. फादरांचा अंगठा मोठा आहे, थोडी राख चष्म्यावर पडली. ती घरी येऊन पुसली. जेवलो. आता हे लिहीत आहे.

पत्राला कारण असं, की तुमचे चिरंजीव काल दुकानात आले होते. उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली की माझ्याकडे जेवायला येईन, असं सांगून गेले. 'येऊ का' असं विचारलं नाही, 'येतो' म्हणाले. मी बरं म्हणालो आणि नंतर विचार करत बसलो. ऑक्टोबरात लेक वारल्यापासून ते अधूनमधून येतात. दारातून चौकशी करतात, बल्ब गेला असेल तर बदलून देतात आणि जातात. जेवायला कधी बसले नाहीत. लिफ्ट दुरुस्तीचं काम, त्यामुळे घाई असेल असं मी धरून चाललो होतो. आता एकदम दर शुक्रवार का, ते कळलं नाही. तुम्हाला काही बोलले असतील तर कळवावं.

यंदा मी स्वतः काय सोडावं तेही सुचत नाही. साखर डॉक्टरांनी आधीच सोडायला लावली. मांस एकट्यासाठी आणत नाही. करमणूक म्हणावी तर रेडिओ आहे, तोही ऑक्टोबरापासून लावलेला नाही. फादरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही यंदा काही सोडू नका. काहीतरी धरा." काय धरायचं ते सांगितलं नाही, कारण माझ्यामागे रांग होती.

आपला,
व्याही

११ मार्च

व्याहीबुवांना प्रभूची शांती.

पत्र मिळालं. फोनच केला असता, पण फोनवर मला तुमचं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही बोलत नाही. त्यापेक्षा हे बरं.

माझा गुडघा आहे तसाच आहे. इथे चर्चमधल्या बायकांनी यंदा टीव्ही सोडलाय, आणि आता रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. त्यांचं प्रायश्चित्त मला घडतंय.

तुमच्या जावयाचं विचारलंत. त्याचा रविवारी फोन आला तेव्हा मी विचारलं. यंदा त्याने तुमच्याकडचं जेवण धरलंय उपासाला. मी म्हटलं, बरं केलंस बाबा. तुमच्या हातची चव मला ठाऊक आहे. सोयरीक ठरली त्या दिवशी तुम्ही केलेला चहा मी तुमच्या खिडकीतल्या कुंडीत ओतला होता. इतक्या वर्षांनी आता सांगायला हरकत नाही. तो मात्र पानातलं काही टाकणार नाही, लहानपणापासून तसाच. मीठ नसलं तरी बोलायचा नाही, जास्त झालं तरी बोलायचा नाही.

एक सांगते, राग मानू नका. जेवण झालं की त्याला फार वेळ बसवून घेऊ नका. तिचे फोटो काढून बसू नका. त्याने थोडं चार माणसांत जावं असं मला वाटतं. आणि तिकडे कुणी येऊन काही बोललं, तर आधी मला विचारा. लोकांना काय, काहीही बोलतात.

तुमची,
विहीणबाई

१७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र शनिवारी मिळालं. गुडघ्याला शेक द्यावा.

शुक्रवारी ते आले होते. त्याच्या आदल्या शुक्रवारीही आले होते. दोन्ही वेळा मी भाज्यांचं सूप, उकडलेले बटाटे आणि पाव असं केलं. लेकीच्या जागी ते बसत नाहीत, खिडकीकडे पाठ करून बसतात. कुठल्या तरी इस्पितळातली लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते, ती का अडकते हे अजून कुणालाच सापडलेलं नाही, असं सांगत होते. जाताना दोन वाट्या सूप पिऊन गेले. मला बरं वाटलं. ते गेल्यावर उरलेलं मी घेतलं, तर मीठ दोनदा पडलेलं. एक घोट घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं आणि उलगडा झाला.

प्रायश्चित्त कशाचं करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कुणी गुडघ्यांवर बसतं, कुणी आवडीचं सोडतं, कुणी नावडतं धरतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, आणि मला वाटलेलंही नाही. फक्त आधी माहीत असतं तर मी बाजारातून ताज्या शेंगा शोधत फिरलो नसतो. फादर म्हणाले होते काहीतरी धरा, म्हणून मी त्यांचं शुक्रवारचं जेवण धरलं होतं. एकाच ताटावर दोघांनी हात ठेवल्यासारखं झालं.

येत्या शुक्रवारी दुकानात काम जास्त आहे. मला उशीर होईल. त्यांना तसं कळवलं तर बरं होईल.

आपला,
व्याही

२६ मार्च

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मला सोमवारी मिळालं, म्हणजे शुक्रवार होऊन गेल्यावर. त्याला कोण कळवणार? तो तुमच्या दाराशी जाऊन कुलूप बघून आला. पायरीवर बसून राहिला, मग शेजारच्या बाईंनी सांगितलं की तुम्ही दुपारपासून घरीच होतात आणि क्रुसाची वाट सुरू व्हायच्या वेळेला कुलूप लावून उलट्या दिशेला गेलात. व्याहीबुवा, तुम्हाला खोटं बोलायचं असेल तर निदान शेजारी तरी बदला.

त्याने मला फोन करून विचारलं, "आई, सासरे माझ्यावर चिडलेत का?" मी म्हटलं मला काय माहीत. पण खरं सांगायचं तर मला माहीत आहे. तुम्हाला कुणी तरी सांगितलं. तिकडच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनीच सांगितलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

आता ऐकलंच आहे तर माझ्याकडून नीट ऐका. त्याच्यासाठी ते स्थळ मी नुसतं पाहिलंय. मुलगी आमच्याच चर्चमधली, बालवाडीत शिकवते, तिचाही नवरा वारला, मूल नाही. स्वभावाने शांत आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. उपवासकाळात लग्नाचं बोलायचं नाही म्हणून ईस्टरपर्यंत थांबलेय. तुम्हाला मी सांगणारच होते. कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. लेक जाऊन सहा महिने होत नाहीत तोवर, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. पण तो एकटा खोलीत बसून भिंतीकडे बघत असतो हो. आई म्हणून मला ते बघवत नाही.

दाराला कुलूप मात्र लावायला नको होतं.

विहीण

२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. स्थळाचं मला तुमच्या पत्रातूनच कळलं.

हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल. मीही लावला होता. कुलूप मी त्यासाठी लावलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं की त्यांनी माझ्याकडचं जेवण उपासाला धरलं आहे. मला वाटलं माझं जेवण, माझी खोली, मी, हे सगळं मिळून त्यांचं प्रायश्चित्त आहे. कुणाचं प्रायश्चित्त होऊन बसायला मला जमेना. म्हणून बाहेर गेलो आणि नदीकाठच्या बाकावर बसून परत आलो. खोटं बोललो याचं मला वाईट वाटतं. पापनिवेदनाला गेलो तेव्हा तेच सांगितलं. फादरांनी विचारलं, राग कुणावर होता? मला सांगता आलं नाही. मग ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारी त्यांच्याबरोबर क्रुसाची वाट करा, शेजारी उभे राहा, तेवढं पुरे.

पुढच्या शुक्रवारी मी मागच्या बाकावर होतो. ते पुढे होते. चौदा स्थानांपैकी तिसऱ्या स्थानाला मागे वळले, मला पाहिलं आणि उठून माझ्या शेजारी आले. प्रत्येक स्थानाला गुडघे टेकताना माझा कोपर धरत होते. 'हे प्रभो, दया कर' हे ते फार हळू म्हणतात, ओठ हलतात तेवढंच. बाहेर आल्यावर दोघेही दारात उभे राहिलो. मला वाटलं ते 'येतो' म्हणतील. त्यांना वाटलं असेल मी 'चला' म्हणेन. मग त्यांनी मान हलवली आणि गेले. घरी सूप केलेलं होतं.

स्थळाबद्दल मला काय वाटतं ते मला अजून कळत नाही. तुमचं पत्र आलं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच मी उजवीकडे बसवली. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. ती बाई दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "दादा, रस्ता वर आलाय."

एक मात्र विचारतो. लग्न झालं म्हणजे ते माझे कोण होतील? हा प्रश्न विचारायचा नसतो हे मला समजतं. तरी लिहून झाला आहे, खोडत नाही.

व्याही

८ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग दार लावून रडले.

अहो, मला म्हणायचं होतं की शुक्रवारी दिवसभर तो काही खात नाही, आणि उपास सोडायचा तो तुमच्याकडे. तुमच्याकडचं जेवण धरलंय म्हणजे मनाशी ठरवून ठेवलंय, मायेने. आपली माणसं उपासही धरतात, अबोलाही धरतात आणि हातही धरतात. मी यातलं कुठलं लिहिलं होतं ते तुम्हाला कसं कळणार? चूक माझी. पण तुम्हीही एक वाक्य घेऊन पंधरा दिवस घासत बसलात, ती काय काच होती?

हे एवढं लिहिलं आणि मला शंका आली. म्हणून काल फोनवर त्याला पुन्हा विचारलं. म्हटलं, तिकडे जेवायला जातोस ते नेमकं काय म्हणून? तर म्हणतो, "तेच की." तेच म्हणजे काय रे? तर म्हणतो, "आई, तेच." आता तेच म्हणजे काय ते त्याला आणि देवाला ठाऊक. तेव्हा मी वर लिहिलेलं खरं आहे, असं मला वाटतं. अगदी शपथेवर विचाराल तर मला ठाऊक नाही.

आता जे लिहिते ते मन घट्ट करून लिहिते. स्थळाचं मी त्याच्या कानावर घातलं. उपवासकाळात बोलायचं नाही म्हणत होते, पण राहवलं नाही. तो ना हो म्हणाला ना नाही. एवढंच म्हणाला, "त्यांना कसं सांगू?" त्यांना म्हणजे तुम्हाला. माझ्याकडून तो ऐकणार नाही. तुम्ही शब्द दिलात तरच तो पाऊल उचलेल. आणि तुम्ही नको म्हणालात तर मी त्या लोकांना नाही म्हणून कळवेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. तुमच्यावर सोडते. हे सोडणं बरोबर आहे की नाही, कळत नाही. लेक तुमची होती.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. मी शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, असं नातं असतं, पण त्याला शब्द नाही.

विहीणबाई

२१ एप्रिल, सोमवार

विहीणबाईंना ईस्टरचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही घडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन झाल्यावर मी त्यांना स्वतःहून 'चला' म्हणालो. ते आले. त्या दिवशी एकच जेवण, म्हणून पाव आणि सूप एवढंच केलं होतं. मीठ चाखून घातलं होतं. मग मी सूप वाढता वाढता विचारलं. समोर बघून विचारलं असतं तर जमलं नसतं.

"हे तुमचं प्रायश्चित्त आहे का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "मला वाटलं तुमचं आहे."

मी उभाच होतो. ते म्हणाले, तुम्हाला स्वयंपाकाचा कंटाळा, माणसांचा कंटाळा, तरी दर शुक्रवारी माझ्यासाठी रांधता. मला वाटलं फादरांनी तुम्हाला सांगितलंय. म्हणून मी येत राहिलो, तुमचं पुरं व्हावं म्हणून. आणि मीठ? मी विचारलं. ते म्हणाले, मीठ तर मला वाटलं तुम्ही मुद्दाम जास्त घालता, उपासाचं म्हणून.

मग ते हसले. तोंडात पाव होता, ठसका लागला, मी पाठीवर थापटलं. गुड फ्रायडेला हसू नये. मीही हसलो. तेवढ्यात ते रडायला लागले की काय, ते मला पाठीमागून नीट दिसलं नाही. हात तसाच ठेवला.

म्हणजे कुणाचं प्रायश्चित्त होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित कुणाचंच नव्हतं. कदाचित त्यांनी मला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलं असेल. तेही ते करतील.

स्थळाचं त्या दिवशी बोललो नाही. काल ईस्टरची मिस्सा झाल्यावर बोललो. चर्चच्या आवारात माणसं एकमेकांना भेटत होती, लहान मुलं धावत होती. ते नवीन शर्ट घालून आले होते, पाठीवर घडीची रेघ तशीच होती. तुमचं पत्र आल्यापासून मी बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी एवढंच म्हणालो, "आईला हो म्हणून टाक."

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "आणि शुक्रवारी?"

मी म्हणालो, "उपवासकाळ संपला."

मला म्हणायचं होतं की आता नेमाने यायला नको, वाटेल तेव्हा या. तेवढं म्हणायच्या आत फादर मध्ये आले, हात हातात घेऊन शुभेच्छा देत बसले, आणि वळून बघतो तर ते फाटकापाशी गेले होते. त्यांनी काय ऐकलं ते मला माहीत नाही. तुम्हाला फोन आला तर कळवावं.

व्याही

२८ एप्रिल

व्याहीबुवा,

फोन आला. तो हो म्हणाला. येत्या शुक्रवारी त्याला इकडे बोलावलंय, मुलीकडचे लोक येतील, चहा होईल. तुमचे उपकार मी कुठे ठेवू? तुमची लेक मला सुनेसारखी नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तिची जागा दुसऱ्या कुणाला देत नाही. माझं घर मोठं नाही, पण तेवढी जागा आहे.

पण तो एक बोलला ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाला, "आई, सासऱ्यांनी मला सोडलं." मी म्हटलं, सोडलं म्हणजे काय रे? मोकळं केलं की टाकलं? तर म्हणतो, "ते मला तू म्हणाले." हसत म्हणाला की कसा म्हणाला, या मेल्या फोनवर मला कळलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाला लिफ्ट आलीय, आणि ठेवून दिला.

तुम्ही लग्नापासून त्याला तुम्ही म्हणत आलात. मीच कितीदा म्हटलं, अहो, पोरगा आहे, तू म्हणा. तुम्ही म्हणायचात, जावई आहेत. मग आता काय झालं? रागाने म्हणालात, की मायेने? मला खरं सांगा, म्हणजे मी त्याला सांगेन.

विहीणबाई

२ मे, शुक्रवार

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. आज ते तुमच्याकडे पोचले असतील. चहा तुम्हीच केला असेल, त्यामुळे काळजी नाही.

विचारलंत ते खरं सांगायचा प्रयत्न करतो. 'तू' मी ठरवून म्हणालो नाही. घरात 'तू' म्हणून हाक मारायला मला लेकच होती. त्या दिवशी बोलताना आवाज तसाच निघाला. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि पुन्हा 'तुम्ही' म्हणणं बरं दिसेना. जावयाला तुम्ही म्हणतात, मुलाला तू म्हणतात, आणि ज्याच्याशी नातं राहिलं नाही त्यालाही माणसं तू म्हणतात. मी यातलं कुठलं म्हणालो, ते मला आतून नीट दिसत नाही. राग नव्हता, एवढं सांगू शकतो. सोडलं म्हणाले ते बरोबर आहे. सोडलं. पण जे सोडलं ते टाकलं नाही, असं त्यांना सांगा. आणि सांगताना तुमच्या शब्दांत सांगू नका, माझेच सांगा. तुमच्या शब्दांनी मागे काय झालं ते आपण पाहिलं.

फादर सकाळी दुकानात आले होते, वाचायच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. मी त्यांना विचारलं, ईस्टरनंतर शुक्रवारी काय धरायचं असतं? ते म्हणाले, आता काही नाही, आता आनंदाचा काळ. मी बरं म्हणालो आणि स्क्रू बसवून दिला.

त्या बालवाडीच्या बाईंना इकडे यावंसं वाटलं तर यावं. मी त्यांना काय म्हणायचं ते आधी कळवा, म्हणजे ऐन वेळी चूक व्हायची नाही. त्यांनी मला काय म्हणावं ते त्यांच्यावर आहे. पाकिटावर मी 'विहीणबाई' असंच लिहीत आहे. ते बदलायचं असेल तर तसं कळवा. न कळवलंत तर मी तेच लिहीत राहीन.

आपला,
व्याही

ता. क. पत्र बंद करणार तोच वारा सुटला, म्हणून उठून दोरीवरचे कपडे आत आणले. पलंगाची चादर मोठी आहे. एक काठ हनुवटीखाली धरला, दोन्ही हात लांब केले आणि घडी घातली. पहिल्यांदा वाकडी झाली. उलगडून पुन्हा घातली.